दुसरा मावा : शाळकरी वयातील तंबाखू बंदीने आटोक्यात येईल का ?



मावा म्हटले की ऊस उत्पादकाला २००२ साल आठवते. त्या पावसाळ्यात सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता पुणे, अहमदनगर, सोलापूर जिल्ह्यांतल्या फडांत पानांखाली पांढरी लोकर पसरली. त्या माव्यावर आपण सगळ्यांनी मिळून काम केले. पण मावा नावाची दुसरीही एक वस्तू आपल्या गावात आहे. ती टपरीवर मिळते. सुपारीची कातरण, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात चोळून पुडी बांधतात, ती. हा दुसरा मावा पिकाला लागत नाही, पोरांना लागतो. या खेपेचा धडा त्या दुसऱ्या माव्याचा आणि त्याच्या धाकट्या भावंडांचा आहे. धाकटी भावंडे म्हणजे गुटखा, मिश्री, विडी, सिगारेट आणि आता नवीन आलेली विजेवरची सिगारेट, जिला पोरं ‘वेप’ म्हणतात.

प्रश्न साधा आहे. सरकारने या वस्तूंवर बंद्या घातल्या, कायदे केले. त्याने अठराच्या आतली पोरं या व्यसनापासून लांब राहतात का ? राहत असतील तर कितपत ? आणि राहत नसतील तर चूक कायद्याची की आपली ?

विषय आपल्या भागाचा कसा ?

कोणी म्हणेल, वेप हे पुण्या-मुंबईच्या श्रीमंत पोरांचे खूळ, आपल्या शेतकऱ्यांना त्याचे काय ? पण तळेगाव ढमढेरे आता आडबाजूचे गाव राहिलेले नाही. शिक्रापूरचा चौक जवळ, पुणे-नगर रस्ता जवळ, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने जवळ. चासकमानच्या कालव्याचे पाणी जसे वरून खाली येते, तसा शहरातला माल रस्त्याने येतो. शिवाय प्रत्येक घरात मोबाईल आहे आणि मोबाईलवर मागवलेली वस्तू दाराशी येते. पुण्यातल्या पोराच्या हातात आज जे आहे, ते उद्या आपल्या पोराच्या दप्तरात असू शकते. त्यासाठी त्याला पुण्याला जावे लागत नाही.

आणि वेप येण्याची वाट बघायची गरजही नाही. आपल्याकडे जुनी तंबाखू आधीपासून आहेच. आजीची मिश्री, आजोबांची चंची, बापाच्या खिशातली पुडी, ट्रॅक्टरवाल्याच्या डब्यातला गुटखा. पोरगं चालायला लागतं तेव्हापासून ते बघत असतं.

निकोटिन म्हणजे काय ?

या सगळ्या वस्तूंत पोराला धरून ठेवणारा पदार्थ एकच, निकोटिन. शेतकऱ्याला याची ओळख नवी नाही. पूर्वी भाजीपाल्यावरच्या माव्याला तंबाखूचा काढा मारीत, तो का ? तर तंबाखूतले निकोटिन किडीच्या मज्जातंतूंवर जाते आणि कीड मरते. आज आपण इमिडाक्लोप्रिड नावाचे औषध वापरतो. ते ज्या गटातले आहे त्या गटाचे नावच निकोटिनवरून पडले आहे. किडीच्या शरीरात निकोटिन जिथे जाऊन बसते, त्याच जागी हे औषध बसते. म्हणजे जे तत्त्व आपण किडीवर फवारतो, त्याच्याच जातीचा पदार्थ पोरगं ओठाखाली धरतं. एवढे समजले तरी अर्धा धडा झाला.

ओढलेल्या धुरातले किंवा वाफेतले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. ओठाखाली धरलेले जरा सावकाश पोचते, पण जास्त वेळ रेंगाळते. मेंदूला थोडी तरतरी येते, बरं वाटतं. थोड्या वेळाने ती उतरते आणि चिडचिड सुरू होते. मग दुसरी पुडी. पोरगं म्हणतं, ‘खाल्लं की डोकं चालतं.’ खरे तर ती पुडी आधीच्या पुडीने केलेली चिडचिड तेवढी मिटवते.

लहान वयात हे जास्त घातक का ? माणसाच्या मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. लक्ष देणे, मनाला आवर घालणे ही कामे करणारा भाग सर्वांत शेवटी तयार होतो. उसाच्या उदाहरणाने सांगायचे तर खोडकीड कोवळ्या कोंबाला लागली की पोंगा जळतो. तीच कीड तयार उसावर आली तर तेवढे नुकसान होत नाही. निकोटिनचे तसेच आहे. चाळिशीत लागलेली सवय माणूस प्रयत्नाने सोडतो. बाराव्या-तेराव्या वर्षी लागलेली सवय सोडणे त्याहून फार अवघड जाते.

भारतात २०१९ साली १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची देशव्यापी पाहणी झाली. तीत १०० पैकी ८ ते ९ मुले त्या काळात कोणती ना कोणती तंबाखू वापरणारी निघाली. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, तोंडात धरायची तंबाखू घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी दहावा वाढदिवस होण्याआधीच ती पहिल्यांदा घेतली होती. म्हणजे चौथी-पाचवीच्या आत. त्या वयाचे पोर वेप विकत घेत नसते. ते घरातले उचलते.

नव्या वस्तूची ओळख

वेप म्हणजे काय हे ज्येष्ठ सभासदांनी पाहिलेले नसेल. पेनासारखी किंवा रंगीत डबीसारखी वस्तू असते. आत छोटी बॅटरी, तापणारी तार आणि निकोटिन मिसळलेला द्रव. ओढले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत जाते. जाळ नाही, राख नाही, विडीचा वास नाही. उलट आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असा वास येतो. त्यामुळे आईला कळत नाही, मास्तरांना कळत नाही. ही वस्तू आजच्या रूपात चीनमध्ये २००३ च्या सुमारास तयार झाली आणि जगभर पसरली. काही प्रकारांत एका लहान कुपीत साधारण सिगारेटच्या एका पाकिटाइतके निकोटिन असते, आणि ते घशाला खरखरत नाही असे करून ठेवलेले असते. पहिली विडी ओढताना पोराला ठसका लागतो आणि काही पोरं तिथेच थांबतात. इथे तो ठसकाही काढून टाकला आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जन्मभर सिगारेट ओढणाऱ्या माणसाला वेपचा धोका सिगारेटपेक्षा कमी, असे मानणारे डॉक्टर आहेत. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना सिगारेट सोडण्यासाठी ती वापरायला सांगतात. पण ही तुलना ओढणाऱ्याची आहे. ज्या पोराने कधी काही ओढलेच नाही, त्याच्यासाठी ‘कमी वाईट’ असा हिशोबच होत नाही. त्याला नवे व्यसन लागते, एवढेच होते. त्याच इंग्लंडने पोरांच्या हाती सहज जाणाऱ्या, एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली.

कायदा काय सांगतो ?

आपल्या गावात कायद्याची माहिती कमी आणि त्याबद्दलच्या वावड्या जास्त असतात. म्हणून क्रमाने देत आहोत.

१. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूची कोणतीही वस्तू विकायची नाही. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विकायची नाही. १०० यार्ड म्हणजे ३०० फूट. चार फुटी सरी धरली तर ७५ सऱ्या. या अंतरात टपरी असेल तर तिथली तंबाखूची विक्री बेकायदा आहे, मग टपरी कोणाच्याही मालकीची असो. दंड मात्र २०० रुपयांपर्यंतच आहे.

२. २०१२ ची गुटखाबंदी. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटखा व पानमसाला बंद केला. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा यांचाही त्यात समावेश झाला. हा हुकूम वर्षा-वर्षाने नव्याने काढला जातो. तेव्हा टपरीवरचा चोळलेला मावा चालतो आणि फक्त गुटखा बंद आहे, ही समजूत चुकीची आहे.

३. २०१५ चा बालन्याय कायदा. मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला, मग विकत असो की फुकट, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दोनशे रुपयांच्या दंडाला हसणाऱ्याने हे कलम, म्हणजे ७७ वे, जरूर वाचावे.

४. २०१९ चा ई-सिगारेट बंदी कायदा. वेप बनवणे, आणणे, नेणे, विकणे, जाहिरात करणे, साठवणे हे सगळे देशभर बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा सापडला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

५. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट व सुटी विडी विकण्यास बंदी केली. याचे कारण लक्षात घ्या. पोराकडे पाकिटाचे पैसे नसतात, एका सिगारेटीचे असतात.

या सर्व कायद्यांत एक सूत्र आहे, ते सभासदांनी ध्यानात घ्यावे. कायद्याचा रोख पोरावर नाही, विकणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर आहे. पोरगं गुन्हेगार नाही. ते गिऱ्हाईक बनवले गेलेले आहे.

बंदीने काय साधले, काय निसटले ?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्राने गुटखा पहिल्यांदा बंद केला तो २०१२ साली नव्हे, २००२ साली. लोकरी मावा आला त्याच वर्षी. पण गुटखा उत्पादक कोर्टात गेले आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ज्या अधिकाऱ्याने हुकूम काढला त्याला तो काढण्याचा अधिकार नाही, असे ठरले. धडा पहिला : कायद्याचा पाया पक्का नसेल तर चांगला हेतूही टिकत नाही. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायचे नाही असा नियम २०११ साली झाला आणि त्याच्या आधारे २०१२ ची बंदी उभी राहिली.

बंदी झाली, मग गुटखा गेला का ? आपण सगळे गावात राहतो, त्याचे उत्तर आम्ही द्यायला नको. चोरून येणारा माल आहे. त्याशिवाय एक पळवाट निघाली : एका पुडीत नुसता मसाला, दुसऱ्या पुडीत नुसती तंबाखू. गिऱ्हाइकाने दोन्ही घेऊन हातावर एक करायच्या. भाव वाढला, पण वस्तू मिळत राहिली.

मग बंदी फुकट गेली म्हणायचे का ? तसेही नाही. देशातल्या मोठ्या पाहण्या बघा. २००९-१० साली १५ ते १७ वयातली सुमारे १०० पैकी १० मुले तंबाखू वापरीत होती. २०१६-१७ साली हा आकडा ४ वर आला. शाळकरी मुलांच्या पाहणीत २००९ साली १४.६ टक्के होते, ते २०१९ साली ८.५ टक्के झाले. महाराष्ट्रात सर्व प्रौढांचा आकडा ३१.४ वरून २६.६ टक्क्यांवर आला. ही घट एकट्या गुटखाबंदीने झाली असे आम्ही म्हणणार नाही. त्याच काळात कर वाढले, पाकिटावर मोठी चित्रे आली, सार्वजनिक ठिकाणी ओढणे बंद झाले, शाळांतून काम झाले. पण सगळ्या बंद्या निरुपयोगी असत्या तर एवढी घट दिसली नसती. त्यातही पोरांत घट जास्त आणि मोठ्यांत कमी, हे नीट बघा. जुनी सवय बंदीने मोडत नाही. नवी लागणारी सवय मात्र बंदीने लांबते, आणि लांबली की पुष्कळदा टळते.

बाहेरच्या जगातलीही तीन उदाहरणे घेऊ.

अमेरिकेत नीडहॅम नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे २००५ साली तंबाखू विकत घेण्याचे वय १८ वरून २१ केले. शेजारच्या गावांत १८ च राहिले. आपल्याला वाटेल, पोरं शेजारच्या गावात जाऊन घेतील. काही गेलीही असतील. पण २००६ ते २०१० या काळात नीडहॅमच्या हायस्कुलातले ओढणारे १०० मधले १३ होते ते ७ झाले. आजूबाजूच्या गावांतही घट झाली, पण १५ वरून १२ पर्यंतच. गावातल्या दुकानावर नीट लक्ष ठेवले तर गावापुरता फरक पडतो, हे त्यातून दिसले.

त्याच देशात २०१९ साली हायस्कुलातली १०० पैकी २७ मुले वेप ओढीत होती. मग देशभर वय २१ केले, गोड वासाच्या काही प्रकारांवर बंधने आणली, प्रचार केला. मध्ये कोरोनाने शाळाही बंद पडल्या. २०२४ साली तो आकडा ८ च्या आत आला. वेपचा नाद एकदा लागला की उतरतच नाही, असे नाही.

तिसरे उदाहरण उलटे आहे. आपल्या शेजारच्या भूतानने २००४ साली तंबाखूची विक्रीच बंद केली. २०१० साली आणखी कडक कायदा केला. पण सरहद्दीच्या अलीकडे भारतात तंबाखू खुली. माल चोरवाटेने जात राहिला, शाळकरी पोरांतही तंबाखू राहिली, आणि शेवटी २०२१ साली, कोरोनाच्या दिवसांत चोरटी ये-जा थांबवण्यासाठी, भूतानने विक्री पुन्हा खुली केली. बांध एका बाजूने घातला आणि दुसरी बाजू उघडी राहिली तर पाणी थांबत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

लोकरी माव्याने शिकवलेली गोष्ट

लोकरी मावा आला तेव्हा पहिल्यांदा आपण काय केले ? फवारणी. पण दहा-बारा फूट उंच उसात पंप घेऊन शिरणार कोण ? आणि आपण फवारले तरी शेजारच्या फडातून मावा वाऱ्याने पुन्हा येणार. फवारणीने काही काळ थांबला, पुन्हा उठला. मग शास्त्रज्ञांनी सांगितले की मावा असलेले वाढे व बेणे एका भागातून दुसऱ्या भागात नेऊ नका, नत्र बेसुमार देऊ नका, आणि माव्याला खाणारे मित्रकीटक, म्हणजे डिफा आणि मायक्रोमस, यांना जपा. ज्या फडात मित्रकीटक वाढले तिथे औषध मारू नका. असे सगळ्यांनी केले तेव्हा तो मावा आटोक्यात आला. नाहीसा झाला नाही. आटोक्यात आला.

दुसऱ्या माव्याचे असेच आहे. बंदी ही फवारणी आहे. ती लागतेच, कारण ती नसेल तर टपरीवाला उघड विकेल आणि कंपन्या पोरांसाठी जाहिरात करतील. पण फवारणी एकटी पुरत नाही. वाहतूक रोखावी लागते, म्हणजे माल ज्या हातांनी पोरापर्यंत येतो ते हात. आणि मित्रकीटक जपावे लागतात. ते म्हणजे घर, शाळा, तालीम, मैदान, पोराशी बोलणारा एखादा मोठा माणूस.

नेहमीचे तीन आक्षेप

पहिला : ‘आम्ही लहानपणापासून खाल्ली, आम्हाला काय झालं ?’ ज्यांना झाले ते हे सांगायला पारावर येत नाहीत. सुपारी आणि तोंडात धरायची तंबाखू या दोन्ही वस्तू कर्करोग करतात, हे जागतिक संस्थांनी केव्हाच मान्य केले आहे. गुटखा-मावा खाणाऱ्याचे गाल आतून ताठ होतात, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसत नाही. घरच्या घरी बघायचे असेल तर आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील तर दवाखाना गाठावा. पोराचेही बघावे.

दुसरा : ‘टपरीवाल्याच्या पोटावर पाय का आणता ?’ टपरी बंद करा असे कोणीच म्हणत नाही. चहा विका, वडापाव विका, वह्या-पेनं विका. पोराला तंबाखू विकू नका आणि शाळेच्या ३०० फुटांत ठेवू नका, एवढेच. आणि इथे थोडे कडू बोलतो. पुष्कळ ठिकाणी टपरीची जागा, गाळ्याचे भाडे हे आपल्यासारख्याच सभासदाच्या घरी जाते. जागा आपली, भाडे आपले, आणि गिऱ्हाईक शेजाऱ्याचे पोरगं. भाडेकरार करताना ‘तंबाखू विकायची नाही’ एवढी एक ओळ घालायला काहीच खर्च येत नाही.

तिसरा : ‘बंदी केली की चोरटा धंदा वाढतो, त्यापेक्षा खुलं असलेलं बरं.’ मोठ्या माणसांबाबत यावर वाद होऊ शकतो. पोरांबाबत होऊ शकत नाही. चोरटा माल महाग असतो, ठराविक ठिकाणीच मिळतो, ओळखीवर मिळतो. सातवीतल्या पोराला या तिन्ही गोष्टी आडव्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. भूतानचे उदाहरण सांगते की चोरवाट उघडी ठेवून बंदी टिकत नाही. वाटच नको, असे ते सांगत नाही.

पैशाचा हिशोब

धरून चालू, पोरगं दिवसाला दहा रुपयांच्या तीन पुड्या खातं. रोजचे तीस, वर्षाचे १०,९५०. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी ठरवलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक न धरताही तीन टन ऊस. बारा महिने पाणी धरून, रात्रीची लाईट सांभाळून पिकवलेला तीन टन ऊस दर वर्षी थुंकून टाकायचा. दवाखान्याचा हिशोब यात धरलेला नाही.

आपण काय करावे ?

घरात : पोराला तंबाखू-विडी आणायला पाठवू नये. ‘जा रे, चौकातून पुडी घेऊन ये’ असे म्हणणारा बाप पोराला टपरीचा रस्ता, भाव आणि ओळख असे तिन्ही एकदम शिकवतो. चंची व मिश्रीची डबी पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. लहान मुलांच्या दातांना मिश्री लावण्याची चाल अजून कुठे असेल तर आजपासून बंद करावी. ज्यांना स्वतःला सोडणे जमत नाही त्यांनी निदान पोरांसमोर खाऊ नये, आणि ‘मला सुटत नाही, म्हणूनच तुला सांगतोय’ असे सरळ सांगावे. खोटा उपदेश पोरांना लगेच कळतो, खरी अडचणही कळते.

शाळेत : शाळा व्यवस्थापन समितीत आपण पालक म्हणून असतो. दाखल्यावर सही करून उठू नये. फाटकापासून ३०० फूट टेप लावून मोजावे आणि पिवळा पट्टा मारावा. तंबाखूमुक्त शाळेसाठी केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१९ साली मार्गदर्शक नियम दिले आहेत, त्यात हा पट्टा आहे. सलाम मुंबई फाउंडेशनसारख्या संस्थांनी राज्यातल्या अनेक शाळांबरोबर हे काम केले आहे. मास्तरांच्या खिशातही पुडी नसावी, हे ओघाने आलेच.

गावात : ग्रामसभेत ठराव मांडावा. नुसता ‘व्यसनमुक्ती व्हावी’ असा नको. कोणत्या टपऱ्या अंतरात येतात, त्यांना कोणत्या तारखेपर्यंत मुदत, कोण जाऊन बघणार, हे नावानिशी लिहावे. न ऐकणाऱ्याची खबर पोलिसांना, आणि गुटखा-माव्याची अन्न व औषध प्रशासनाला द्यावी. वेप विकताना कोणी आढळला तर पोलीस उपनिरीक्षकाला झडती घेण्याचा अधिकार आहे.

फडात व अड्ड्यावर : हंगामात बीड, अहिल्यानगर भागातून टोळ्या येतात. त्यांची पोरं खोपीवर असतात, वाढे गोळा करतात, मोळ्या बांधतात. थंडीत, भुकेत, पहाटेच्या तोडीला तंबाखू भूक मारते, म्हणून आईबाप खातात आणि पोरंही शिकतात. ही पोरं आपल्या सभासदांची नाहीत, पण आपला ऊस तोडायला आलेली आहेत. मुकादमाशी बोलून पोरांच्या हातात पुडी जाणार नाही असे ठरवावे. साखरशाळा किंवा गावची शाळा जवळ असेल तिथे त्यांना पोचते करावे. शाळेत बसलेलं पोरगं दिवसाचे पाच तास तरी त्या नादापासून लांब राहतं.

पोराला लागलेच असेल तर

मारू नये. मार खाल्लेलं पोरगं सोडत नाही, लपवायला शिकतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड असतात : चिडचिड, झोप न येणे, अभ्यासात लक्ष न लागणे. दोन ते चार आठवड्यांत हे पुष्कळ ओसरते. तेवढे दिवस घरातल्यांनी सांभाळून घ्यावे. तोंडात बडीशेप, भाजलेले जवस चालतील, सुपारी चालणार नाही. संध्याकाळी रिकामे बसू देऊ नये. तालीम, कबड्डी, क्रिकेट, काहीही चालेल. सरकारची फुकट सल्ल्याची सोय फोनवर आहे, क्रमांक १८००-११-२३५६. तिथे पोरगं स्वतः बोलू शकतं, आई-बापही बोलू शकतात. आधी एकदा सोडून पुन्हा लागले तरी ‘तुझ्याच्याने होत नाही’ असे म्हणू नये. बहुतेकांची सवय अनेकदा प्रयत्न केल्यावरच सुटते.

सारांश

बंदीने शाळकरी वयातली तंबाखू कमी होते. पण विकणाऱ्यावर लक्ष असेल, चोरवाटा बुजवल्या असतील आणि घरातून पुरवठा होत नसेल, तरच. यातली पहिली गोष्ट सरकार आणि गाव मिळून करू शकते. दुसरी सरकारने करायची आहे आणि त्यासाठी आपण मागे लागायचे आहे. तिसरी मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. ती आपल्या उंबऱ्याच्या आतली आहे.

फडात किडीचा पहिला पांढरा ठिपका दिसला की आपण शेतकी खात्याच्या माणसाला बोलावतो, शेजाऱ्याला हाक मारतो. पोराच्या खिशातली पहिली पुडी दिसली की मात्र बहुतेक जण दुसरीकडे बघतात. सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर आपल्या जवळच्या शाळेपासून टपरी किती सऱ्या लांब आहे ते एकदा मोजावे, आणि पुढच्या ग्रामसभेला तो आकडा हातात घेऊन यावे, ही विनंती.